शोध घेणे आणि शोध लागणे : पृथ्वीबाह्य जीवसृष्टीच्या अन्वेषणात सामान्यजनांचा सहभाग (१८७७–२०२०)

मराठीत ‘शोध’ हा शब्द दोन निरनिराळ्या क्रियापदांशी जोडला जातो आणि त्याबरोबर त्याचा अर्थही पालटतो. माणूस शोध घेतो. उलटपक्षी शोध लागतो. पहिल्या प्रयोगात कर्ता माणूस असून क्रिया त्याच्या इच्छेवर व कष्टांवर अवलंबून आहे. दुसऱ्या प्रयोगात माणूस कर्त्याच्या जागी राहत नाही. फळ आपल्या आपण हाती येते किंवा येत नाही. ‘शोध लावणे’ ह्या तिसऱ्या रूपात कर्तृत्व पुन्हा माणसाकडे येते खरे, परंतु ते फळ हाती आल्यानंतरच. पृथ्वीबाह्य जीवसृष्टीच्या अन्वेषणाचा इतिहास पाहू गेल्यास तो सर्वस्वी पहिल्या प्रयोगाचा इतिहास आहे. गेल्या दीडशे वर्षांत हा शोध अनेकांनी घेतला. तो लागला मात्र नाही. असे असूनही ज्यांचा खगोलशास्त्राशी व्यवसाय म्हणून काडीचाही संबंध नाही अशी लक्षावधी माणसे ह्या कार्यात सामील झाली. ती का झाली, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर नेहमी दिले जाते. देवधर्मावरील श्रद्धा ओसरल्यावर आकाशातील कोणीतरी आपल्याहून थोर आहे ही भावना नव्या रूपाने प्रकट झाली, आणि म्हणून लोक ह्या शोधाकडे वळले, असे ते उत्तर होय. ते ऐकावयास सोपे आहे. परंतु सामान्यजन ह्या शोधात नेमके केव्हा आले, कोणत्या वाटेने आले आणि त्यांनी प्रत्यक्ष कोणते काम केले, हे क्रमाने पाहिले म्हणजे केवळ श्रद्धेने त्याचा उलगडा होत नाही असे दिसून येते. श्रद्धा ही बहुधा सर्व काळी थोड्याफार फरकाने होतीच. बदलत गेली ती सामान्य माणसाच्या हाताला मिळणारी कामाची संधी.

१

आरंभ एका शब्दापासून करणे सोयीचे होईल. १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या निकट आला असताना मिलान येथील ब्रेरा वेधशाळेचे ज्योतिर्विद जोव्हान्नी स्कियापारेल्ली ह्यांनी त्याच्या पृष्ठभागाचा नकाशा तयार केला आणि त्यावरील अरुंद रेषांना ‘कानाली’ असे म्हटले. इटालियन भाषेत ‘कानाले’ हा शब्द निसर्गनिर्मित प्रवाहमार्गालाही लागतो आणि माणसाने खणलेल्या कालव्यालाही लागतो. इंग्रजीत ह्या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांपैकी खोदकामाचा अर्थ सांगणारा शब्द प्रचारात आला. मराठीच्या आधाराने हा भेद चटकन ध्यानात येतो. ओढा वाहतो, कालवा काढला जातो. ‘कालवा’ म्हटले की काढणारा गृहीत धरावाच लागतो. मंगळावर ओढे आहेत असे कोणी म्हटले असते तर ती भूगोलाची बातमी ठरली असती; कालवे आहेत म्हटल्याबरोबर ती समाजाची बातमी झाली.

अर्थात एका शब्दाच्या भाषांतराने सर्व काही घडले असे मानणे अतिशयोक्तीचे होईल. सुएझचा कालवा १८६९ साली वाहतुकीस खुला झाला होता. मोठे कालवे हे त्या पिढीच्या दृष्टीने प्रगत समाजाचे लक्षण होते. शिवाय बॉस्टनचे धनिक पर्सिव्हल लोवेल ह्यांनी १८९४ साली ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे स्वतःची वेधशाळा उभारून आणि १८९५, १९०६ व १९०८ साली ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध करून त्या कल्पनेला तपशील पुरविला. सुकत चाललेल्या ग्रहावरील रहिवासी ध्रुवप्रदेशातील बर्फाचे पाणी कालव्यांनी आणीत आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रान्समध्ये कामीय् फ्लामारियों ह्यांनी १८६२ सालापासूनच अनेक वसलेल्या जगांची कल्पना लोकांपुढे मांडली होती. १८८० साली निघालेल्या त्यांच्या लोकसुलभ ज्योतिषग्रंथाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. पॅरिसजवळील झ्युव्हिसी येथील त्यांची वेधशाळा एका चाहत्याने दिलेल्या वास्तूत सुरू झाली, आणि १८८७ साली त्यांनी स्थापिलेल्या ज्योतिषसंस्थेचे दार हौशी निरीक्षकांना मोकळे होते.

ह्या पहिल्या कालखंडात सामान्यजनांची मुख्य भूमिका वाचकाची होती. तथापि एका प्रसंगी शाळकरी मुलांनी ह्या वादात जी भर घातली ती पुष्कळ पंडितांहून मोलाची ठरली. ग्रीनिच वेधशाळेतील वॉल्टर माँडर ह्यांना कालव्यांच्या रेषा हा दृष्टीचा भ्रम असावा असा संशय होता. १९०३ साली त्यांनी तेथील रॉयल हॉस्पिटल स्कूलच्या मुख्याध्यापकांच्या साह्याने एक प्रयोग केला. वर्गात समोर एक वर्तुळाकार चित्र लावले. त्यावर ठिपके व अनियमित खुणा होत्या. निरनिराळ्या अंतरावर बसलेल्या मुलांना जे दिसते ते काढावयास सांगितले. ठराविक अंतरावरच्या मुलांनी, मूळ चित्रात नसलेल्या, सरळ रेषा काढल्या. ह्या मुलांना मंगळाच्या वादाशी कर्तव्य नव्हते, आणि म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची होती. पुढे १९०९ साली म्युदों येथील ८३ सेंटिमीटर व्यासाच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहताना युजेन आंतोनियादी ह्यांना रेषांच्या जागी तुटक डाग दिसले आणि कालव्यांचे मत मागे पडत गेले.

येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ह्या शोधात सामान्य माणसाचे मोल त्याच्या उत्साहावर अवलंबून होते असे नाही. काही वेळा त्याच्या तटस्थतेवर होते.

२

दुसऱ्या कालखंडात वाचक श्रोता झाला. निकोला टेस्ला ह्यांनी १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे ऐकलेल्या लयबद्ध संकेतांचा संबंध पुढे ग्रहांशी जोडला होता. परंतु बिनतारी संदेशयंत्रे पहिल्या महायुद्धानंतर घरोघर पोहोचू लागली, तेव्हाच ऐकणे ही सामान्य माणसाच्या आटोक्यातील गोष्ट झाली. १९२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लक्ष किलोमीटर अंतरावर आला. अमेरिकन ज्योतिर्विद डेव्हिड टॉड ह्यांच्या खटपटीमुळे त्या देशाच्या नौदलाने आपल्या केंद्रांना अनावश्यक प्रक्षेपण टाळण्याची व विलक्षण संकेत आढळल्यास कळविण्याची सूचना दिली. सैन्यातील गूढलिपितज्ज्ञ विल्यम फ्रीडमन संदेश उलगडण्यासाठी सज्ज होते. प्रक्षेपणकेंद्रांनी पाळावयाची शांतता सर्वत्र पाळली गेली नाही आणि मंगळावरून काही आले नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ह्या प्रसंगातील महत्त्वाची बाब अशी की, संदेश येईल की नाही ह्याहून आल्यास तो वाचावयाचा कसा, ह्याची तजवीज आधी झाली होती. ज्याच्याशी कोणतीही भाषा समान नाही अशा लेखकाचे लेखन उलगडण्याचे काम गूढलिपितज्ज्ञाकडे सोपविण्यात एक गृहीतक दडलेले आहे : संदेश हा मुळात आपल्या संदेशांसारखाच असणार, केवळ त्याची लिपी झाकलेली असणार. हेच गृहीतक कालव्याच्या कल्पनेतही होते. दुसऱ्याचा शोध घेताना माणूस स्वतःच्या ओळखीच्या वस्तूच शोधीत होता. सामान्यजनांनाही हा शोध जवळचा वाटला, त्याचे एक कारण हे होय. त्यात जे शोधावयाचे ते त्यांच्या नित्य व्यवहारातले होते : कधी कालवा, कधी रेडिओवरील आवाज.

३

आधुनिक अन्वेषणाचा प्रारंभ सप्टेंबर १९५९ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ज्युसेप्पे कोक्कोनी व फिलिप मॉरिसन ह्यांच्या छोट्या लेखाने झाला. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झ ह्या नैसर्गिक कंप्रतेभोवती संकेत शोधावेत, असे त्यांनी सुचविले. एप्रिल १९६० मध्ये फ्रँक ड्रेक ह्यांनी ग्रीन बँक येथील २६ मीटर व्यासाची रेडिओ-दुर्बीण टाऊ सेटी व एप्सिलॉन एरिडानी ह्या दोन ताऱ्यांकडे वळविली. ह्या टप्प्यावर सामान्य माणूस बाहेर फेकला गेला. दुर्बिणी प्रचंड होत्या, त्यांचा वेळ दुर्मिळ होता आणि खर्च सरकारी तिजोरीतून होत होता. नागरिक करदाता म्हणून उरला, सहभागी म्हणून नव्हे.

आणि करदात्याच्या नावानेच ह्या शोधावर आघात झाले. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्झमायर ह्यांनी १९७८ साली उधळपट्टीबद्दल ते देत असलेले उपहासात्मक पारितोषिक ह्या कार्याला दिले आणि १९८१ साली त्याचा निधी बंद करविला. कार्ल सेगन ह्यांनी त्यांची समजूत घातल्यावर निधी पुन्हा सुरू झाला. १२ ऑक्टोबर १९९२ रोजी, कोलंबसाच्या अमेरिकागमनास पाचशे वर्षे होत असता, ‘नासा’ने मोठा कार्यक्रम आरंभिला, सिनेटर रिचर्ड ब्रायन ह्यांच्या पुढाकाराने वर्षभरातच, १९९३ च्या शरदात, तो रद्द झाला.

शासनाने हात काढून घेतल्यावर जे घडले ते ह्या निबंधाच्या दृष्टीने निर्णायक आहे. एका बाजूस धनिकांच्या देणग्यांवर ‘सेटी इन्स्टिट्यूट’ने १९९५ साली ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीपासून ‘फिनिक्स’ हा उपक्रम सुरू केला. दुसऱ्या बाजूस हौशी मंडळी पुढे आली. १९९४ साली ‘सेटी लीग’ ही संस्था निघाली आणि एप्रिल १९९६ मध्ये तिने ‘अर्गस’ उपक्रम आरंभिला. उपग्रहवाहिन्या पाहण्यासाठी अंगणात उभ्या केलेल्या व पुढे निरुपयोगी झालेल्या तीन ते पाच मीटर व्यासाच्या तबकड्या हौशी रेडिओचालकांनी ह्या कामास लावाव्यात, अशी ती योजना होती. अशा पाच हजार तबकड्यांचे जाळे सर्व आकाशावर पहारा ठेवील हे ध्येय गाठले गेले नाही, परंतु टाकून दिलेल्या वस्तूतून वेधसाधन उभे करण्याची कल्पना रुजली.

तिला पूर्वपरंपराही होती. ओहायो राज्य विद्यापीठाच्या ‘बिग इयर’ ह्या रेडिओ-दुर्बिणीचा सरकारी निधी १९७२ साली थांबला, तेव्हा १९७३ पासून ती पृथ्वीबाह्य संकेतांसाठी वापरली जाऊ लागली, आणि त्या कामाचा बराच भार स्वेच्छेने वेळ देणाऱ्यांनी वाहिला. १५ ऑगस्ट १९७७ रोजी तिने ७२ सेकंद टिकलेला एक प्रबळ संकेत नोंदविला. स्वेच्छेने काम करणारे जेरी एहमन ह्यांनी काही दिवसांनी कागदावरील अक्षरांची ती रांग पाहिली, लाल शाईने तिला कडे केले आणि समासात ‘वॉव!’ असे लिहिले. तो संकेत पुन्हा मिळाला नाही. त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरणही झालेले नाही. ज्ञानकोशांतून तो आजतागायत ह्या उद्गाराच्या नावानेच ओळखला जातो. शास्त्रीय संज्ञेच्या जागी केवलप्रयोगी अव्यय स्थिर व्हावे, हे भाषेच्या इतिहासात क्वचितच घडते. ज्या जमिनीवर ती दुर्बीण उभी होती ती विकली गेली, तेथे गोल्फचे मैदान वाढविण्यात आले आणि १९९८ साली दुर्बीण पाडली गेली.

‘हौशी’ ह्या शब्दाचाही येथे थोडा विचार केला पाहिजे. फारसीतून आलेल्या ‘हवस’ ह्या शब्दाचे मराठीत ‘हौस’ झाले आणि तिकडचा तीव्र वासनेचा अर्थ इकडे सौम्य, सात्त्विक झाला. ‘हौसेला मोल नाही’ असे आपण म्हणतो. त्यात हौशी कामाचा गौरवही आहे आणि त्याचा मोबदला द्यावा लागत नाही ही सोयही आहे. पुढील कालखंडात ह्या दोन्ही अर्थांची परीक्षा झाली.

४

१७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने ‘सेटी अ‍ॅट होम’ हा उपक्रम सुरू केला. डेव्हिड गेड्ये ह्यांच्या मूळ कल्पनेतून तो निघाला व डेव्हिड अँडरसन, डॅन वर्थायमर प्रभृतींनी तो उभा केला. ‘प्लॅनेटरी सोसायटी’ ह्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचे त्यास साह्य होते. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय त्याचे यश समजणार नाही.

प्वेर्तो रिको बेटावरील आरेसिबो येथे ३०५ मीटर व्यासाची रेडिओ-दुर्बीण होती. इतर शास्त्रज्ञांचे वेध चालू असताना तिला जोडलेले बर्कलीचे यंत्र १४२० मेगाहर्ट्झच्या भोवतालचा अडीच मेगाहर्ट्झचा पट्टा नोंदवून घेई. ही नोंद प्रत्येकी ३५ गिगाबाइटच्या फितींवर साठवून टपालाने बर्कलीस धाडली जाई. तेथे तिचे लहान तुकडे पाडले जात : सुमारे १०७ सेकंदांचा काळ आणि सुमारे १० किलोहर्ट्झचा पट्टा, मिळून एका मेगाबाइटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी सामग्री. प्रत्येक तुकडा कोणा स्वयंसेवकाच्या संगणकाकडे जाई. संगणकाचा धनी दुसऱ्या कामात गुंतला किंवा चहा प्यावयास उठला की यंत्र गणित सुरू करी आणि पडद्यावर रंगीत आलेख उमटे. आकाशातील स्थिर उगम दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून सुमारे १२ सेकंदांत सरकतो. म्हणून त्याचा संकेत तेवढ्या काळात चढला व उतरला पाहिजे. पृथ्वीवरचा गोंगाट असा वागत नाही. ही चढउतार, नियमित स्पंदने आणि ग्रहाच्या गतीमुळे होणारे कंप्रतेचे सरकणे ह्यांचा तपास यंत्र करी.

हे गणित तुकड्यातुकड्यांनी होण्याजोगे होते. एका तुकड्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती. हाच ह्या उपक्रमाचा पाया होय. पहिल्या आठवड्यातच दोन लाखांहून अधिक लोकांनी तो कार्यक्रम आपल्या संगणकावर घेतला. २००२ च्या मध्यापर्यंत सहभागींची संख्या ३८ लाखांवर गेली, आणि एकंदर आयुष्यात ती ५० लाखांहून अधिक झाली. दोनशेंहून अधिक देशांतून ते आले होते. पुढे ह्याच रचनेतून ‘बॉइंक’ ही सर्वसाधारण प्रणाली तयार झाली आणि तिचा उपयोग प्रथिनांपासून हवामानापर्यंत अनेक विषयांत झाला.

सर्व प्रकारच्या शोधांची अशी वाटणी करता येत नाही, हे आपल्याकडील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुण्याच्या ‘आयुका’चे जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी ह्यांनी २००१ साली हैदराबादच्या फुगाकेंद्रातून ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने आणविले, त्यांत सूक्ष्मजीव आहेत का, असल्यास ते कोठून आले, हा प्रश्न होता. अशा प्रयोगात निर्जंतुकता हेच सर्वस्व असते. तेथे जितके हात कमी तितका निष्कर्ष विश्वसनीय. आकाशातील संकेतांच्या गणितात नेमके उलट होते. सामान्यजनांचा सहभाग विषयाच्या भव्यतेवर अवलंबून नसून कामाच्या विभाज्यतेवर अवलंबून असतो, हे ह्या दोन उदाहरणांतून दिसते.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. श्रद्धा हेच मुख्य कारण असते तर सहभाग सर्वांत मोठ्या दाव्यांच्या काळी सर्वांत अधिक असावयास हवा होता. लोवेल ह्यांनी तर मंगळावरील समाजव्यवस्थाच वर्णिली होती. परंतु त्यांच्या वाचकांना करण्याजोगे काही नव्हते. उलट १९९९ सालच्या उपक्रमाने यशाची हमी दिली नव्हती. सर्वांत नम्र दाव्याच्या काळी सर्वांत मोठा समुदाय जमला, ह्याचे कारण त्या काळी प्रवेशाचे मोल सर्वांत कमी होते. आपल्याकडे ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणतात तसे हे दान होते : जे एरवी वायाच जाणार होते त्यातला वाटा.

परंतु प्रवेश सुलभ होता एवढ्याने लोक टिकले का, हे कळत नाही. त्यासाठी आणखी तीन कारणे विचारात घ्यावी लागतात. एक, मोजदाद. प्रत्येकाने पूर्ण केलेल्या तुकड्यांची संख्या जाहीर होई, आणि व्यक्ती, विद्यापीठे, कंपन्या, राष्ट्रे ह्यांच्या चढाओढी लागत. ही ईर्ष्या एवढी वाढली की काहींनी कार्यक्रमात फेरफार करून खोटी उत्तरे झटपट धाडण्यास आरंभ केला. म्हणून एकच तुकडा एकाहून अधिक संगणकांकडे पाठवून उत्तरे ताडून पाहावी लागली. ज्याला केवळ परग्रहवासीयांची आस आहे तो खोटे उत्तर धाडणार नाही. तेव्हा पुष्कळांच्या दृष्टीने चढाओढ हाच एक स्वतंत्र हेतू होता, हे मान्य करावे लागते.

दुसरे कारण, श्रेयाची शक्यता. ज्याच्या संगणकात संकेत सापडेल त्याला सहशोधक मानले जाईल, असे सांगण्यात आले होते. संभव अत्यल्प, पण तो सर्वांना सारखा. संशोधनसंस्थेत पदवी, पद आणि निधी ह्यांनी माणसाची जागा ठरते. येथे क्षणभर ती उतरंड नाहीशी होई. तिसरे कारण सर्वांत खोल आहे. विश्वात आपण एकटे आहोत काय, हा प्रश्न ज्याला पडत नाही असा माणूस विरळा, आणि तरीही ह्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार व्यवसायाने फारच थोड्यांचा. प्रश्न सर्वांचा आणि उत्तर काहींचे, ही विषमता सहभागाने थोडी कमी होते. १९८१ व १९९३ साली लोकांच्या नावाने हा शोध थांबविण्यात आला. १९९९ साली लोकांनीच तो चालविला, ह्या घटनेचा अर्थ येथे आहे.

ह्या तिसऱ्या कारणाला दुसऱ्या एका उपक्रमाने पुष्टी मिळते. डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘प्लॅनेट हंटर्स’ ह्या उपक्रमात केप्लर दुर्बिणीने नोंदविलेले ताऱ्यांच्या तेजाचे आलेख लोकांपुढे ठेवण्यात आले. यंत्राला ठरावीक काळाने येणारी घट ओळखता येते. अनियमित घट ते सोडून देते. सहभागींनी एका ताऱ्याच्या तेजात येणारी अशी विचित्र घट हेरली. एका वेळी ती २२ टक्क्यांपर्यंत गेली होती. २०१५ साली टॅबेथा बोयाजियन ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या हौशी निरीक्षकांपैकी काहींची नावे सहलेखक म्हणून आली. ताऱ्याभोवती कोणी प्रचंड बांधकाम केले असावे, अशीही एक शक्यता चर्चिली गेली. २०१६ साली लोकांनी १ लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमवून पुढील वेधांचा खर्च उचलला. २०१८ च्या आरंभी निष्कर्ष प्रसिद्ध झाला : निरनिराळ्या रंगांतील प्रकाश कमीअधिक प्रमाणात मंदावत होता, म्हणजे आड येणारी वस्तू धूळ होती. बांधकामाची कल्पना मोडून काढणाऱ्या ह्या वेधांचा खर्च लोकवर्गणीतून झाला होता. केवळ श्रद्धावान माणूस आपल्याच श्रद्धेच्या परीक्षेसाठी वर्गणी देत नाही.

६

तथापि ह्या इतिहासाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ग्रीनिचच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले, एहमन ह्यांनी कागद वाचला, ‘प्लॅनेट हंटर्स’च्या सभासदांनी आलेख पारखले. ‘सेटी अ‍ॅट होम’च्या बहुसंख्य सहभागींनी मात्र स्वतः काही पाहिले नाही, पाहिले ते त्यांच्या यंत्राने. ह्याला श्रमदान म्हणावे काय? श्रम यंत्राचे, विजेचे देयक धन्याचे आणि निर्णय बर्कलीचा. घरोघरच्या संगणकांनी मिळून सुमारे १२ अब्ज नोंदी हेरल्या. परंतु त्यांतून पृथ्वीवरचा गोंगाट वगळून खरे उमेदवार निवडण्याचे काम मूठभर माणसांवर पडले आणि त्यास पुष्कळ वर्षे लागली. ३१ मार्च २०२० रोजी नवे तुकडे वाटणे थांबले. त्याच वर्षी १ डिसेंबरला आरेसिबोचा लटकता मंच खालच्या तबकडीवर कोसळला आणि ती दुर्बीण संपली. निवड पूर्ण होऊन सुमारे शंभर ठिकाणे उरली व २०२५ साली चीनमधील ‘फास्ट’ ह्या ५०० मीटरच्या दुर्बिणीने त्यांचे पुनर्वेध घेण्यास आरंभ झाला.

म्हणजे लक्षावधींच्या सहभागाने कामाचा पहिला अर्धा भाग विक्रमी वेगाने झाला आणि दुसरा अर्धा जुन्याच गतीने चालला. जेथे वाटणी होऊ शकत होती तेथे लोक होते. जेथे पारख लागत होती तेथे त्यांना बोलावण्यात आले नाही. पुढील काळात असे उपक्रम आखणाऱ्यांनी ह्या जागेकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. सहभागींची संख्या हे लोकसहभागाचे माप नव्हे. निर्णयाच्या किती पायऱ्यांवर लोक उपस्थित आहेत, हे त्याचे खरे माप होय.

असे असले तरी ‘फसवणूक’ हा शब्द येथे योग्य होणार नाही. जे सामील झाले त्यांना काय मिळणार नाही हे प्रारंभीच सांगितले होते. त्यांनी लागण्याची हमी नसलेला शोध घेतला. इतिहासलेखनात शोध लागण्याच्या तारखा नोंदविल्या जातात, शोध घेणाऱ्यांच्या याद्या क्वचितच. विद्याभ्यासाचे बहुतेक आयुष्य घेण्यातच जाते आणि लागण्याचे क्षण विरळ असतात, हे संशोधन करणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास स्वानुभवाने ठाऊक आहे. १९९९ ते २०२० ह्या काळात ५० लाखांहून अधिक माणसांनी तीच स्थिती स्वेच्छेने पत्करली. संकेत सापडला नाही. ह्या स्थितीत शोध घेत राहणे सामान्य माणसालाही मानवते, एवढे मात्र सिद्ध झाले.